शेंगाच्या ओ फ्लॅगचा दोष नव्हता : आमच्या बॉटच्या परवानग्यांचं एक प्रकरण

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या यात्रेच्या, आठवड्यातली गोष्ट आहे. होम मैदानावर पाळणे लागलेले, अर्धं सोलापूर तिकडं, मी पण पोरांना घेऊन तिथंच, आणि इकडं आयआरसीवर, म्हणजे नुसत्या मजकुराच्या जुन्या इंटरनेट चॅटवर, आमच्या ग्रुपचे चौदाजण बसलेले कारण एका निवृत्त मास्तरांनी मोठ्या मुश्किलीनं टीसीएल ही प्रोग्रामिंग भाषा शिकवायला हो म्हणलेलं. मास्तर होटगी रोडला राहतात, टायपिंग हळू पण एकेक वाक्य तोलून लिहितात. साडेआठला सुरू झालं, लिस्ट आणि स्ट्रिंग यातला फरक सांगत होते, आणि नऊ वाजून गेल्यावर अचानक आमच्या बॉटनं (चॅनल, म्हणजे चॅटच्या खोल्या, सांभाळणारा प्रोग्रॅम), नंदीनं, त्यांना मोठ्या चॅनलमधून किक केलं, म्हणजे बाहेर काढलं, आणि वर बॅन पण लावला. कारणाच्या जागी एकच शब्द, "टेस्ट".

मास्तरांनी दोनदा परत यायचा प्रयत्न केला, बॅन असल्यामुळं आत येता आलं नाही, मग त्यांनी कॉम्प्युटर बंद केला. त्यांना वाटलं आपल्याला घालवलं. अकराच्या पुढं घरी येऊन मी मोबाइल बघितला तेव्हा ऐंशी मेसेज होते आणि तोवर आमच्या लोकांनी निकाल पण लावून टाकलेला. नंदीच्या लॉगमध्ये हुकूम देणाऱ्याचं हँडल, म्हणजे बॉटच्या नोंदीतलं नाव, आलेलं "शेंगा". शेंगा म्हणजे डिप्लोमाचा दुसऱ्या वर्षाचा पोरगा, शिकाऊ चॅनल तोच सांभाळतो. त्याला नको नको ते बोलून झालेलं, एकानं त्याचा ओ फ्लॅग, म्हणजे चॅनल सांभाळायचा अधिकार, पण काढून घेतलेला, आणि पोरगं सारखं एवढंच म्हणत होतं, "दादा मी काहीच टाइप केलं नाही, आईशप्पथ."

तो खरं बोलत होता. ते सिद्ध करायला मला दीड दिवस लागला, आणि त्यात जे सापडलं ते बॉट चालवणाऱ्या प्रत्येकानं एकदा तरी आपल्या स्क्रिप्टमध्ये शोधावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. कमांड आणि फ्लॅगची अक्षरं इथं देवनागरीत देतोय, टाइप करताना ती इंग्रजी लिपीतच करायची हे धरून वाचा.

आधी मांडणी

नंदी म्हणजे एग्ड्रॉप. १९९३ साली रॉबी पॉइंटर यांनी लिहिलेला आयआरसी बॉट, सी भाषेत, स्क्रिप्ट टीसीएलमध्ये, आणि अजून चालतो. आमचा जुळे सोलापुरात एका मित्राच्या घरी जुन्या डेस्कटॉपवर चालतो, इन्व्हर्टरला जोडलेला. २०२१ च्या मे महिन्यात फ्रीनोड या आयआरसी नेटवर्कवरून सगळं जग लिबेरा चॅटवर गेलं तेव्हा आम्ही पण गेलो. तीन चॅनल आहेत, मोठा, शिकाऊ आणि कट्टा, आणि तिन्हीवर एकच नंदी बसलेला. एकच बॉट आणि तीन चॅनल, हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

एग्ड्रॉप माणसाला निकनं, म्हणजे चॅटवर लावलेल्या नावानं, ओळखत नाही. त्याच्याकडं एक यूजरफाइल असते, त्यात प्रत्येकाचं हँडल, त्याचे होस्टमास्क (तो कुठून येतो त्याचा नमुना), पासवर्ड आणि फ्लॅग. चॅनलमध्ये कुणी बोललं की नंदी त्याचा निक, यूजरनेम आणि होस्ट हे तिन्ही घेऊन यूजरफाइलमधल्या मास्कांशी जुळवतो, जुळलं तर ते हँडल, नाही जुळलं तर हँडलच्या जागी नुसता तारा. म्हणजे "हा कोण" हा प्रश्न वेगळा आणि "याला काय करता येतं" हा वेगळा. आमच्या केसमध्ये दोन्ही ठिकाणी घोटाळा होता आणि दोन्ही एकावर एक बसले म्हणून एवढं झालं, नुसता एक असता तर त्या रात्री काहीच घडलं नसतं.

फ्लॅग म्हणजे एकेक अक्षर. एन म्हणजे ओनर, एम म्हणजे मास्टर, ओ म्हणजे ऑप (चॅनल सांभाळणारा), व्ही व्हॉइस, एफ फ्रेंड, डी असला तर त्याला ऑप द्यायचं नाही, के असला तर दिसला की बाहेर. काही फ्लॅग एकमेकांना ओढून आणतात, एन दिला की एम येतो, एम दिला की ओ येतो, त्यामुळं "नुसतं मास्टर केलंय, ऑप नाही" असं काही नसतं. हे छोटे अक्षरी फ्लॅग बॉटचे स्वतःचे. मोठ्या लिपीतली, म्हणजे कॅपिटल, ए ते झेड ही अक्षरं मात्र मोकळी ठेवलेली आहेत, त्यांचा अर्थ आपल्या स्क्रिप्टनं ठरवायचा.

आता खरा मुद्दा. प्रत्येक फ्लॅग दोन जागी असू शकतो, ग्लोबल आणि चॅनलपुरता. ग्लोबल ओ म्हणजे नंदी जिथं जिथं बसलाय तिथं सगळीकडं ऑप, चॅनलचा ओ म्हणजे त्या एकाच चॅनलमध्ये. सोलापूरकरांना हे समजावायला मी सिद्धरामेश्वरांच्या काठ्यांचं उदाहरण देतो, सात नंदीध्वज, प्रत्येक काठीचा मान ज्याचा त्याचा. एका काठीचा मानकरी आहे म्हणून कुणी जाऊन दुसऱ्या काठीला हात घालत नाही. चॅनलचा फ्लॅग हा असला मान आहे. शेंगाला जो ओ होता तो फक्त शिकाऊ चॅनलचा होता, मी स्वतः पार्टीलाइनवर, म्हणजे बॉटशी थेट बोलायच्या जागी, चॅनलचं नाव घालून दिलेला, आणि .हूइज ही नोंद दाखवणारी कमांड मारून बघितलं तर ग्लोबलच्या ओळीत त्याच्याकडं काहीच नव्हतं.

मग शिकाऊ चॅनलचा मानकरी मोठ्या चॅनलमधून मास्तरांना काढू कसा शकला?

स्क्रिप्ट

!काढ ही कमांड आमच्यातल्याच एकानं तीन-चार वर्षांपूर्वी लिहिलेली. तिची बाइंडची ओळ, म्हणजे कुठली कमांड आली की कुठला कोड चालवायचा ते सांगणारी, अशी होती (पब म्हणजे चॅनलमध्ये उघड टाइप केलेलं, प्रोक म्हणजे तो चालणारा कोड):

बाइंड पब ओ|ओ !काढ काढ_प्रोक

ओ पाइप ओ. पाइपच्या डावीकडं ग्लोबल, उजवीकडं चॅनल, आणि मधली उभी रेघ म्हणजे "किंवा". ग्लोबल ऑप असेल किंवा चॅनल ऑप असेल तरच आत सोड. वाचायला एकदम बरोबर. मी स्वतः ही ओळ शंभरदा बघितलीय आणि दरवेळी मान हलवून पुढं गेलोय. चॅनल ऑप, पण कुठल्या चॅनलचा? तर पब बाइंडमध्ये ज्या चॅनलमध्ये ती ओळ टाइप झाली त्या चॅनलचा. बॉटकडं दुसरं कुठलं चॅनल माहीतच नसतं त्या क्षणी, त्यानं अजून पुढचा मजकूर वाचलेला पण नसतो.

आणि प्रोकमध्ये काय होतं? प्रोकला पाच गोष्टी मिळतात, निक, होस्ट, हँडल, चॅनल आणि उरलेला मजकूर. लिहिणाऱ्यानं सोय म्हणून असं केलेलं की मजकुराचा पहिला शब्द हॅशनं सुरू होत असेल तर तेच चॅनल धरायचं. म्हणजे कट्ट्यावर गप्पा मारता मारता मोठ्या चॅनलमधल्या एखाद्या स्पॅमरला काढता यावं. सोय खरोखर चांगली होती, आम्ही सगळ्यांनी वापरलीय. पण चौकशी झाली शिकाऊच्या दारात आणि काम झालं मोठ्याच्या घरात. चॅनल बदललं तरी फ्लॅग परत विचारलाच नाही कुणी.

मला यातली सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट अशी की फ्लॅग स्वतः काहीच अडवत नाही. आपल्याला वाटतं माणसाला फ्लॅग नाही म्हणजे बॉट त्याला करू देणार नाही. तसं नसतं. फ्लॅग म्हणजे यूजरफाइलमधली नोंद आहे, कुणी विचारलं तरच ती उत्तर देते. बाइंडच्या ओळीत एकदा विचारलं जातं, त्यानंतर प्रोक सुरू झालं की आतला कोड नंदीच्या स्वतःच्या अधिकारानं चालतो, आणि नंदी तर तिन्ही चॅनलवर ऑप. पुटकिक म्हणलं की किक जातो, हे कुणासाठी चाललंय असं तो विचारत नाही. समजा मास्तरांना एफ फ्लॅग दिलेला असता तरी ते वाचले नसते, कारण बॉटचं स्वतःचं संरक्षण एफला मानतं पण आपण लिहिलेल्या प्रोकनं तो फ्लॅग बघितलाच नाही तर तो असून नसल्यासारखा. बॅन पण तसाच, न्यूचॅनबॅन या बॅन लावायच्या कमांडला २८८० मिनिटं दिलेली होती, म्हणजे पूर्ण २ दिवस, आणि कुणी हातानं काढला तरी मास्तर परत येताना दिसले की नंदी पुन्हा लावणार कारण तो त्याच्या स्वतःच्या यादीत गेलेला.

आणि एक बारकं, त्याच प्रोकमध्ये मजकुराची स्प्लिटनं आधी लिस्ट न करता सरळ एलइंडेक्सनं शब्द उचललेला होता. आयआरसीच्या निकमध्ये चौकोनी आणि महिरपी कंस चालतात, असला निक आला की टीसीएल त्याला लिस्ट समजायला जाऊन अडखळतं. मास्तर त्या रात्री नेमका हाच फरक शिकवत होते.

मग टाइप कुणी केलं

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉग नीट काढला. हँडल शेंगा होतं, पण निक दुसराच होता, आम्ही कधी न बघितलेला. घाईत कुणी निकाची ओळ वाचलीच नव्हती, हँडल दिसलं आणि पोरगं सापडलं असं झालं. होस्टच्या जागी एक आयपी, तो शेंगाच्या कॉलेजच्या लॅबचा, त्या दिवशी लॅब उशिरापर्यंत उघडी होती प्रोजेक्टमुळं.

मग मी यूजरफाइलमध्ये शेंगाचा होस्टमास्क बघितला आणि गप्प बसलो थोडा वेळ. तो मास्क मीच टाकलेला. निकच्या जागी तारा, म्हणजे काहीही चालेल, यूजरनेमच्या जागी तारा, आणि ॲटच्या पुढं लॅबचा आयपी. पोरगं तेव्हा लॅबमधनंच यायचं, कधी या मशीनवरनं कधी त्या, यूजरनेम दरवेळी वेगळं दिसायचं, त्याला ओळख पटत नाही म्हणून तो सारखा मेसेज करायचा आणि मी एके दिवशी सरळ दोन तारे टाकून मोकळा झालो. पण लॅबमधली सगळी मशीन बाहेर एकाच पब्लिक आयपीनं दिसतात. म्हणजे त्या लॅबमधनं जो कुणी येईल, कुठल्याही निकनं, नंदीच्या लेखी तो शेंगा. चाळीस खुर्च्यांची लॅब, चाळीस शेंगा.

टाइप करणारा पहिल्या वर्षाचा पोरगा निघाला. शेंगानंच त्याला शोधून आणलं, बिचारा रडकुंडीला आलेला. त्यानं शिकाऊ चॅनलवर मदतीची कमांड मारली, तिथं "!काढ चॅनल निक कारण" असं लिहून आलं, त्यानं ते जसंच्या तसं करून बघितलं. मी विचारलं, का रे, मास्तरांचंच नाव का घातलंस? तर म्हणाला, "दादा मला वाटलं बॉट नाही म्हणेल. मी नवीन आहे ना, मला कुठं परमिशन आहे." यावर मला काहीच बोलता आलं नाही. त्याची समजूत आमच्या स्क्रिप्टपेक्षा जास्त बरोबर होती.

काय बदललं

आमच्यात दोन रात्री वाद झाला. जुळे सोलापूरवाल्या मित्राचं म्हणणं, बाइंड ओ|ओ ठेवायचं आणि प्रोकमध्ये चॅनल ठरल्यावर मॅचॲटर, म्हणजे यूजरफाइलमधला फ्लॅग विचारणारी कमांड, घालून परत तपासायचं, झालं. मी म्हणलं मालक, ते अर्धंच होतं. मोठ्या चॅनलचा ऑप शिकाऊवर बसून मोठ्यासाठी हुकूम देत असेल तर तो पहिल्याच दारात अडकणार, कारण शिकाऊचा ओ त्याच्याकडं नाही. आणि मग कुणीतरी वैतागून त्याला ग्लोबल ओ देऊन टाकणार. हे मी हवेत बोलत नव्हतो. .मॅच मारून ग्लोबल ओ कुणाकुणाला आहे ते काढलं तर चारजण निघाले, त्यातल्या दोघांना तो द्यायचाच नव्हता, पार्टीलाइनवर फ्लॅग देताना चॅनलचं नाव लिहायचं राहिलं की तो ग्लोबल लागतो आणि कुणाच्या लक्षात पण येत नाही कारण काम तर चालू होतं.

शेवटी असं केलं. !काढ मधनं चॅनलचं नाव घ्यायची सोयच काढून टाकली, जिथं टाइप केलं तिथंच चालणार, म्हणजे तपासणी आणि काम एकाच जागी. दुसऱ्या चॅनलवर हात टाकायचा असेल तर वेगळी कमांड, !लांबून, तिचं बाइंड सगळ्यांना मोकळं आणि खरी तपासणी आत. आधी व्हॅलिडचॅन, नंदीला ते चॅनल माहीत तरी आहे का. मग मॅचॲटर हँडल के|के आणि पुढं ज्या चॅनलवर काम होणार त्याचं नाव. हा के मोठ्या लिपीतला, आम्ही ठरवलेला, अर्थ "याला काढता येतं". ऑप असणं आणि लोकांना काढता येणं या दोन गोष्टी आम्ही वेगळ्या केल्या, विषय बदलायला ओ पुरे, माणूस काढायला तो मोठा के हवा. छोट्या लिपीतला के म्हणजे दिसला की बाहेर, त्यामुळं देताना शिफ्ट दाबलंय का ते दोनदा बघा, नाहीतर ज्याला अधिकार द्यायला गेलात तोच किक खाईल. नंतर मला वाटलं दुसरं अक्षर घेतलं असतं तर बरं झालं असतं, आणि पुढच्या आठवड्यात ते बदलून मोठा आर केलं.

बाइंड मोकळं ठेवलं की एक जबाबदारी येते. अनोळखी माणूस पण प्रोकपर्यंत पोचतो, त्याचं हँडल तारा असतं. म्हणून प्रोकची पहिली ओळ व्हॅलिडयूजर, नोंद नसेल तर तिथंच परत. ज्याला काढायचंय त्याची पण चौकशी घातली, त्याच्याकडं एफ किंवा त्याच्या वरचं काही असेल तर नंदी नकार देतो आणि पुटलॉगनं निक, होस्ट, हँडल आणि दोन्ही चॅनल लिहून ठेवतो. दोन्ही चॅनल लिहिलेली असती तर त्या रात्री पाच मिनिटांत कळलं असतं.

मेसेज बाइंडचं वेगळं सांगतो कारण तिथं हीच चूक जास्त सहज होते. बॉटला खासगीत हुकूम दिला की प्रोकला चॅनल मिळतच नाही, फक्त निक, होस्ट, हँडल आणि मजकूर. म्हणजे चॅनल कायम समोरच्यानं लिहिलेल्या मजकुरातनंच येणार, आणि ते आल्यावर त्याच चॅनलवर फ्लॅग विचारणं हे पूर्णपणे आपल्यावर. आमच्या जुन्या स्क्रिप्टमध्ये असले तीन प्रोक सापडले, तिन्ही दुरुस्त केले. अजून एक, काही ठिकाणी मॅचॲटरऐवजी इजऑप वापरलेलं होतं. इजऑप सांगतं की त्या निकला आत्ता चॅनलमध्ये ऑपचं चिन्ह आहे का, मॅचॲटर सांगतं की यूजरफाइलमध्ये त्याचा अधिकार काय. कुणी कुणाला दोन मिनिटांसाठी ऑप दिलं म्हणून त्याला बॉटवरचा अधिकार मिळावा असं मला तरी वाटत नाही.

होस्टमास्कचं काम सगळ्यात कंटाळवाणं होतं आणि सगळ्यात गरजेचं. फ्लॅग असलेल्या प्रत्येकाला लिबेरावर खातं नोंदवून क्लोक (आयपीच्या जागी दिसणारं नाव) घ्यायला लावला, क्लोकमध्ये खात्याचं नाव येतं, मग मास्क त्यावर. लॅब असो, घर असो, गड्ड्यावरनं मोबाइल असो, लॉगिन केल्याशिवाय क्लोक लागत नाही आणि क्लोकशिवाय नंदी ओळखत नाही. जुने ताऱ्यांचे मास्क एकेक करून काढले. मग रिहॅशवर न थांबता नंदी पूर्ण रिस्टार्ट केला, कारण रिहॅशनं फाइल परत वाचली जाते पण आधीचे बाइंड आपोआप पुसले जात नाहीत, आणि .बाइंड्स मारून जुनी !काढ कुठं लोंबत राहिली नाही ना ते डोळ्यानं बघितलं.

एकजण म्हणाला आयआरसीवर आता कोण असतंय, टेलिग्राम-डिस्कॉर्डवर हे होत नाही. होतं. डिस्कॉर्डवर परवानग्या आकड्यात असतात, किक करायची २, बॅनची ४, ॲडमिनिस्ट्रेटरची ८, त्यांची बेरीज करून एक संख्या, आणि वर प्रत्येक चॅनलचे वेगळे अपवाद. टेलिग्रामवर ग्रुपचा ॲडमिन आहे का ते गेटचॅटमेंबरनं विचारायचं, आणि त्यात कुठल्या ग्रुपचा आयडी घातला यावर सगळं अवलंबून. ज्या ग्रुपमधनं हुकूम आला त्याचा घातला आणि काम दुसऱ्या ग्रुपवर केलं तर तिथं पण मास्तर बाहेर जातील.

सगळं झाल्यावर तपासायचं काम शेंगालाच दिलं. त्यानं वहीत चौकट आखली, उभे सहा जण, अनोळखी, व्हॉइसवाला, शिकाऊचा ऑप, मोठ्याचा ऑप, ग्लोबल ऑप, मास्टर, आणि आडवे तीन चॅनल, प्रत्येक खान्यात काय व्हायला पाहिजे ते आधी लिहिलं आणि मग करून बघितलं. अठरा खाने, त्यातला एक चुकला, कट्ट्यावर मोठ्याच्या ऑपला परवानगी मिळत होती. बघतो तर एका प्रोकमध्ये मॅचॲटरला चॅनलचं नाव लिहून टाकलेलं होतं, व्हेरिएबल नाही, कायमचं मोठ्याचं नाव. ते मी दुरुस्त करताना माझ्याकडनंच राहिलेलं.

मास्तरांकडं मी आणि शेंगा दोघं गेलो, रविवारी सकाळी. पहिल्या वर्षाचा पोरगा पण मागनं सायकलवर आला, त्याला आम्ही बोलावलं नव्हतं. मास्तरांनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं, कुणालाच रागावले नाहीत, फक्त वही मागितली आणि ती चौकट बराच वेळ बघत बसले. मग विचारलं, "याचा ओ परत दिलात का?" मी म्हणलं सर, अजून नाही. मास्तरांना शिकाऊ चॅनलचा मास्टर तोवर आम्ही केलेलंच होतं. त्यांनी लॅपटॉप उघडला, पार्टीलाइनवर गेले, आणि एकेक अक्षर शोधत शेंगाचा फ्लॅग स्वतः टाइप केला, चॅनलचं नाव घालून.